शिकण्याचा खर्च कोणाच्या माथी?

मावळ तालुक्यात लोणावळ्यापासून तळेगावपर्यंतच्या तीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात मोठी यंत्रं चालवणाऱ्यांचे आणि ती चालवायला शिकणाऱ्यांचे चार मुक्काम आहेत. लोणावळ्याला नौदलाची आयएनएस शिवाजी ही संस्था १९४५ पासून युद्धनौकांची इंजिनं सांभाळणारी माणसं घडवते. त्याच गावच्या खाली, खंडाळ्याच्या घाटात, ३७ फुटांना एक फूट अशा चढावर गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं दिवसरात्र धावतात. ती चालवणाऱ्यांना रेल्वेनेच शिकवलेलं असतं. पुण्याच्या दिशेने निघालं की जुन्या हमरस्त्यालगत ताकवे खुर्दला समुंद्रा इन्स्टिट्यूट ऑफ मेरिटाइम स्टडीज लागते आणि तळेगावच्या पुढे इंद्रायणीकाठी इंदोरीला तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट. समुद्र इथून डोंगराच्या पलीकडे, तरी मर्चंट नेव्हीचे शेकडो कॅडेट दरवर्षी मावळातून बोटीवर जातात.

या चार वाटांनी शिकणाऱ्यांच्या डोक्यावरचा भार मात्र सारखा नाही. नौदलात भरती झालेल्या मुलाचं राहणं, खाणं, शिक्षण सरकारच्या खर्चाने होतं, वर पैसेही मिळतात. रेल्वेत निवड झालेला असिस्टंट लोको पायलट भुसावळसारख्या केंद्रात शिकत असतो तेव्हा त्याला विद्यावेतन मिळतं. इंदोरी आणि ताकव्याच्या मुलांची फी घरचे भरतात. आणि वडगाव किंवा कामशेतच्या एखाद्या मुलाला विमान कंपनीत वैमानिक व्हायचं असेल, तर घरच्यांना ५० लाखांपासून कोटीपर्यंत रक्कम आधी उभी करावी लागते. नोकरीची हमी नसते आणि नोकरी मिळाली तरी ती अनेकदा ठरावीक मुदतीच्या कराराची असते. हे असं का झालं आणि असंच राहायला हवं का, हा या लेखाचा विषय आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ज्याच्या धंद्यासाठी माणूस शिकतो त्याने शिकण्याच्या खर्चाचा आणि त्यातल्या जोखमीचा वाटा उचलायला हवा. जहाजांच्या जगात हे अर्धवट का होईना मान्य झालं आहे. विमानांच्या जगात अजून ते व्हायचं आहे.

वैमानिक होण्याची वाट बाहेरून सरळ दिसते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, वैद्यकीय तपासणी, डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परीक्षा, रेडिओवर बोलण्याचा आरटीआर परवाना आणि २०० तासांचं उड्डाण. एवढं झालं की कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल मिळतं. पैसा खातात ते हे २०० तास. इंधन, विमानाची देखभाल, प्रशिक्षकाचा वेळ, विमा, धावपट्टीचं भाडं, सगळं त्या तासांच्या दरात येतं. पावसाळ्यात उड्डाणं थांबतात, विमान दुरुस्तीला जातं, प्रशिक्षक नोकरी बदलतो, आणि वर्षा-दीड वर्षात संपायचं प्रशिक्षण तीन वर्षांवर जातं. तोवर वसतिगृहाचा खर्च आणि कर्जाचं व्याज दोन्ही चालू असतात. म्हणून पुष्कळ जण अमेरिका, दक्षिण आफ्रिका किंवा न्यूझीलंडला जातात. तिथे तास लवकर पुरे होतात, पण परत आल्यावर परवाना भारतीय करून घेण्याचा वेगळा खर्च आणि वेगळी वाट पाहणं असतं.

एवढं करूनही हाती सीपीएल असलेला मुलगा एअरबस किंवा बोइंगच्या कॉकपिटमध्ये बसू शकत नाही. त्यासाठी त्या विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग लागतं. सिम्युलेटरवरचं हे काही आठवड्यांचं प्रशिक्षण आणखी १२ ते २० लाख मागतं. खरं तर टाइप रेटिंग ही सगळ्यात कंपनीच्या उपयोगाची पायरी. एअरबस ३२० चालवण्याचं कौशल्य ते विमान असलेल्या कंपनीबाहेर कुठेच कामाचं नाही. तरीही त्याचा खर्च उमेदवाराकडून घेण्याची पद्धत रुळली आहे. मोठ्या कंपन्यांच्या कॅडेट योजनांत शून्यापासून टाइप रेटिंगपर्यंतचा एकत्र खर्च कोटीच्या पुढे जातो. त्यात नोकरीची शक्यता बरीच वाढते हे खरं, पण पैसे उमेदवाराचेच असतात. सेवेत आल्यावर बंधनंही येतात. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार नोकरी सोडताना कॅप्टनला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. वैमानिक अचानक सोडून गेले तर प्रवाशांचे हाल होतात, हे त्यामागचं कारण रास्त आहे. २०२३ मध्ये अकासा एअरचे वैमानिक नोटिशीचा काळ न भरता गेले तेव्हा ती कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. पण शिकण्याचा खर्च ज्याने स्वतः केला त्याच्यावर सरकार वर्षभराचं बंधन घालतं, तर त्या खर्चाबाबत कंपनीवरही काही बंधन घालायला हवं. ते घातलेलं नाही.

महाराष्ट्राचा उड्डाणाशी संबंध जुना. १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटांना देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला तो मुंबईत शिकून. ते शिकले तो बॉम्बे फ्लाइंग क्लब पुढे प्रशिक्षणासाठी धुळ्याला गेला. आज बारामती, शिरपूर, जळगाव, नागपूर, गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी अशा ठिकाणी मुलं तास भरतात. मावळात अशी शाळा नाही. कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग शिकवतात, त्याचं नाव देशभर आहे, पण ती वाट वेगळी. मावळातल्या मुलाला जवळची म्हणजे बारामती. तिथेच ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमानं चार दिवसांत कोसळली आणि डीजीसीएने त्या संस्थेचं काम थांबवलं. सुरक्षेसाठी ते आवश्यकच होतं. पण असं प्रशिक्षण थांबलं की अर्धे तास भरलेल्या मुलांचं काय, त्यांनी आधी भरलेल्या पैशांचं काय, याची ठरलेली व्यवस्था आपल्याकडे नाही. डीजीसीएने २०२५ मध्ये उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिली दर्जावारी जाहीर केली. तिच्यात वरच्या अ दर्जात एकही संस्था बसली नाही. निदान अशी दर्जावारी निघाली ही चांगली गोष्ट आहे, कारण तोवर पालकांना संस्थेच्या माहितीपत्रकावर आणि कोणाच्या तरी मुलाच्या अनुभवावर विसंबावं लागत होतं.

जोखीम किती मोठी आहे हे गेल्या वीस वर्षांनी दाखवलं. २००३ नंतर स्वस्त विमानसेवा आल्या, वैमानिक कमी पडू लागले, परदेशी कॅप्टन आणावे लागले. गावोगावच्या घरांनी मुलांना शिकायला पाठवलं. ती मुलं परवाना घेऊन आली तोवर २००८ ची मंदी आली होती. त्यातले हजारो पुढची कित्येक वर्षं नोकरीविना राहिले. काहींनी कॉल सेंटरमध्ये, काहींनी विमानतळावरच्या काउंटरवर काम धरलं. परवाना ताजा ठेवायला पैसे भरून तास उडवावे लागत, ते वेगळंच. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि नव्या सीपीएलवाल्यांची रांग मागे सरकली. २०२३ मध्येच इंडिगोने ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानांच्या ऑर्डरी जाहीर केल्या, आणि त्या वर्षी डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिली, तोवरचा उच्चांक. मोठे आकडे ऐकले की घरात पुन्हा तीच चर्चा सुरू होते. पण कंपन्यांना तुटवडा भासतो तो कॅप्टनांचा, म्हणजे काही हजार तास उडवलेल्यांचा. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची काही दिवसांत हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण विश्रांतीच्या नव्या नियमांना पुरतील एवढे वैमानिक कंपनीने तयार ठेवले नव्हते. त्याच वेळी दोनशे तासवाली मुलं घरी बसून जाहिरातींची वाट पाहत होती. तुटवडा आणि बेकारी एकाच धंद्यात शेजारी नांदतात, कारण दोनशे तासांवरून कॅप्टनपर्यंतचा मधला टप्पा पार करून घेणं ही कोणा एकाची जबाबदारी मानलेली नाही.

पूर्वी असं नव्हतं. स्वातंत्र्यानंतर अलाहाबादजवळ बमरौलीला सरकारी प्रशिक्षण केंद्र होतं, फ्लाइंग क्लबांना सरकारचं अनुदान होतं, १९८० च्या दशकात रायबरेलीजवळ फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी निघाली. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स मोठ्या विमानांचं प्रशिक्षण स्वतः देत. इंडियन एअरलाइन्सचं हैदराबादचं केंद्र त्यासाठीच होतं. बाहेरही तीच रीत. जपान एअरलाइन्स आपल्या निवडलेल्या मुलांना कॅलिफोर्नियातल्या नापा इथे स्वतःच्या खर्चाने शिकवी. लुफ्थान्साने ब्रेमेनला शाळा काढली आणि कॅडेटचा वाटा तो नोकरीला लागल्यावर पगारातून कापून घेण्याची पद्धत ठेवली. म्हणजे नोकरी मिळाली नाही, तर वसुलीचा प्रश्न कंपनीचा.

हे चित्र पालटलं ते स्वस्त तिकिटांच्या स्पर्धेत. युरोपातल्या काही कंपन्यांनी वैमानिक एजन्सीमार्फत किंवा स्वयंरोजगारी म्हणून घ्यायला सुरुवात केली. टाइप रेटिंगचे पैसे उमेदवाराचे, गणवेशाचे पैसे उमेदवाराचे, आणि पगार उडवलेल्या तासांचा. काही ठिकाणी तर प्रवासी बसलेल्या विमानात सहवैमानिक म्हणून तास मिळावेत यासाठी उमेदवारच कंपनीला पैसे देऊ लागले. युरोपीय आयोगाच्या मदतीने गेंट विद्यापीठाने केलेला २०१५ चा अभ्यास सांगतो की युरोपात सहापैकी एकाहून अधिक वैमानिक अशा अनियमित कराराने काम करतात आणि तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरात आहे. सुरक्षेच्या कारणावरून कंपनीचं म्हणणं नाकारायला असे वैमानिक अधिक कचरतात, हेही त्यात नोंदलं आहे. मला या अहवालातली ही सगळ्यात गंभीर बाब वाटते. डोक्यावर कर्जाचा हप्ता आणि हातात तासांवर पगार असेल, तर थकलेला किंवा आजारी माणूस आज उडत नाही असं सांगायला दहादा विचार करेल. त्याचे परिणाम मागे बसलेल्या प्रवाशालाही भोगावे लागतील.

अमेरिकेत फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान कोसळलं आणि ५० जण गेले. चौकशीत छोट्या कंपन्यांच्या वैमानिकांचा तुटपुंजा पगार, थकवा आणि पैसे भरून तास मिळवण्याच्या योजना हे सगळं उजेडात आलं. त्यानंतर २०१३ पासून तिथे सहवैमानिकालाही साधारण १,५०० तासांची अट लागली. ही अट किती उपयोगी याबद्दल मतभेद आहेत, कारण ते तास कमावायचा खर्चही शेवटी उमेदवारावरच आला. दुसऱ्या टोकाला ब्रिटिश एअरवेजने अलीकडे दरवर्षी काही डझन कॅडेटचा एक लाख पौंडांच्या घरातला सगळा खर्च स्वतः करायला सुरुवात केली. घरची ऐपत नसलेल्या हुशार मुलांपर्यंत पोचणं हा त्यामागचा हेतू आहे.

आता समुद्राकडे. कोकणातली, गोव्यातली माणसं शतकाहून अधिक काळ परदेशी बोटींवर काम करत आली. ब्रिटिशांच्या काळात मुंबई आणि कोलकात्याच्या बंदरांत भरती सारंगांच्या आणि दलालांच्या हाती होती. बोट मिळावी म्हणून खलाशाने आधी पैसे मोजायचे, नसतील तर त्यांच्याकडूनच व्याजाने घ्यायचे आणि सफरीचा पगार आला की फेडायचे. मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक निवासांत राहून पुढच्या बोटीची वाट पाहणारा गोव्याचा खलाशी किंवा रत्नागिरीचा तांडेल हा या व्यवस्थेचा बळी होता. हा प्रकार जगभर होता. म्हणूनच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२० मध्ये जिनोआच्या परिषदेत खास खलाशांसाठी करार केला आणि नफ्यासाठी खलाशांना नोकऱ्या विकण्याचा धंदा बंद करायला सांगितलं. त्यापाठोपाठ १९२२ मध्ये हिंदुस्थानात भरतीची चौकशी करायला समिती बसली. पुढे स्वातंत्र्यानंतर मुंबईत खलाशांच्या नोकरीसाठी सरकारी कचेरी सुरू झाली. तिच्यातही गैरप्रकार झाले, तरी नोकरीसाठी खलाशाकडून पैसे घेणं हा गुन्हा आहे, हे तत्त्व कायद्यात रुजलं.

आजचा मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६ हा करार त्याच वाटेवरचा. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून एक रुपयाही घेता येत नाही. पासपोर्ट, सीडीसी हे खलाशाचं नोंदपुस्तक आणि वैद्यकीय प्रमाणपत्र एवढाच खर्च त्याचा. बोटीवर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीला नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो. २००४ मध्ये देशात जहाज कंपन्यांना टनेज टॅक्सची, म्हणजे जहाजांच्या आकारमानानुसार कर भरण्याची सवलत मिळाली, तिलाही अट जोडली आहे. सवलत हवी तर कंपनीने ठरलेल्या प्रमाणात ट्रेनी घ्यायचे. या अटीचा गवगवा झाला नाही, पण माझ्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. करात सवलत देताना सरकारने समाजाच्या वतीने प्रशिक्षणाची जबाबदारी कंपनीकडून मागून घेतली.

तरीही मावळातल्या कॅडेटची वाट सोपी नाही. पूर्वी 'डफरिन', मग 'राजेंद्र', मग नेरूळचं 'चाणक्य' अशा सरकारी संस्थांतून थोडी मुलं निघत आणि बहुतेकांना बोट मिळे. १९९० च्या दशकात खासगी संस्थांना वाट मोकळी झाली. इंदोरीची तोलानी संस्था त्याच लाटेतली, १९९८ ची. संस्था वाढल्या, फी वाढली, पण बोटीवर कॅडेटला ठेवायच्या केबिन वाढल्या नाहीत. अडचण नेमकी इथे आहे. डीएनएस ही नॉटिकल सायन्सची पदविका केलेल्याला १८ महिने, बीएससी नॉटिकल केलेल्याला १२ महिने सी टाइम, म्हणजे बोटीवरचा काळ भरल्याशिवाय सेकंड मेटच्या परीक्षेला बसता येत नाही. सी टाइम नाही तर सीओसी हे सक्षमतेचं प्रमाणपत्र नाही, आणि सीओसी नाही तर अधिकारी म्हणून नोकरी नाही. तीन-चार वर्षांची फी भरून घरी बसलेला मुलगा आणि नातेवाइकांना उत्तरं देणारे आई-बाप ही स्थिती मी पुष्कळ घरांत पाहिली आहे. तिथे एजंट येतो. बोट मिळवून देतो, तीन लाख द्या, पाच लाख द्या. कराराने ज्याला बंदी आहे तोच व्यवहार सी टाइमच्या नावाखाली पुन्हा सुरू होतो, आणि पैसे देणारा स्वतःही नियम मोडतोय असं वाटून तक्रार करत नाही. अशा एजंटांनी पाठवलेली मुलं पुष्कळदा जुनाट, मालकाने सोडून दिलेल्या जहाजांवर अडकतात. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांची संख्या तीन हजारांवर गेली आणि त्यांत भारतीय सर्वाधिक होते.

ज्या संस्था जहाज कंपन्यांनीच काढल्या त्यांचं चित्र यापेक्षा बरं आहे. ताकवे खुर्दची संस्था सिंगापूरच्या एक्झिक्युटिव्ह शिप मॅनेजमेंट या कंपनीची. तिथे मुलगा फी भरतो खरा, पण कंपनी स्वतःच्या बोटींवरच्या गरजेचा अंदाज घेऊन मुलं निवडते. डीएनएसला प्रवेशासाठी कंपनीचं स्पॉन्सरशिप पत्र मागण्याची पद्धतही त्याच विचारातून आली. म्हणजे शिकवणारा आणि कामावर घेणारा एकमेकांना बांधलेले आहेत. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी शाळा ठरली आहे, तिच्याकडे मी याच अपेक्षेने पाहतो. तिथे प्रवेश मिळालेल्या मुलाला नोकरीचा शब्द लेखी मिळतो का आणि फीचा काही भाग पगारातून वळता होतो का, यावर तिचं मोल ठरेल.

करार म्हणजे काय, हेही समुद्रावरच्या माणसाला चांगलं कळतं. अधिकाऱ्याचा करार चार ते सहा महिन्यांचा, रेटिंगचा, म्हणजे अधिकारी नसलेल्या खलाशाचा नऊ महिन्यांपर्यंतचा. साइन ऑफ केलं की बहुतेकांचा पगार बंद, पुढची बोट येईपर्यंत शिल्लक पुरवायची. २०२० मध्ये करोनाने बंदरं बंद झाली तेव्हा जगभरात चार लाख खलाशी करार संपूनही बोटीवरच अडकले होते, आणि तेवढेच घरी कामाची वाट पाहत होते. विमानाच्या वैमानिकालाही आता मुदतीचे करार नवे नाहीत. शिकण्यासाठीचं कर्ज दहा-पंधरा वर्षांचं आणि नोकरीचा करार पाच वर्षांचा, ही विसंगती घराला पेलवत नाही. साधा हिशेब करा. ६० लाखांचं कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता ७९ हजारांच्या वर जातो. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. मावळात तारण म्हणजे जमीन किंवा राहतं घर. द्रुतगती मार्ग, धरण, एमआयडीसी यांत आधीच बरीच जमीन गेलेल्या तालुक्यात उरलेला इंद्रायणी भाताचा तुकडा मुलाच्या २०० तासांसाठी गहाण पडतो.

आणि याच मावळात एकेकाळी शिकवण्याचा खर्च साऱ्या महाराष्ट्राने मिळून उचलला होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरून पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं. त्या फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला आणि परदेशी काचकाम शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो चालवला. तो नुसता कारखाना नव्हता. देशभरच्या मुलांना तिथे काचेचं काम शिकायला मिळालं आणि इथून शिकलेल्यांनी इतर प्रांतांत काचधंदा नेला. पैसा जनतेचा, शिकणारा गरिबाघरचा, आणि शिकलेलं कसब साऱ्या देशाच्या उपयोगी. आज सरकारच्या 'महाज्योती' संस्थेने ओबीसी आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या मुलांना नागपूर फ्लाइंग क्लबमधून सीपीएल देण्याची योजना काढली, ती या परंपरेत बसते. तिची व्याप्ती गरजेच्या मानाने फार लहान आहे, पण ही दिशा योग्य आहे.

कंपन्यांची बाजूही विचारात घ्यायला हवी. त्या म्हणतात, आम्ही खर्च करून शिकवायचं आणि शिकलेला माणूस दुसऱ्या कंपनीने जास्त पगार देऊन न्यायचा, असं असेल तर शिकवायचं कशाला? हा आक्षेप खोटा नाही. आखाती कंपन्या भारतीय कॅप्टन नेतात आणि अनुभवी माणसं जातातही. पण त्यावर उपाय आहेत. नौदल आणि रेल्वे सेवेची ठरावीक वर्षं मागतात आणि मिळवतात. लुफ्थान्साने पगारातून वसुली केली. वाजवी बॉन्ड, सोडून जाणाऱ्याकडून शिल्लक रकमेची वसुली आणि नव्या कंपनीने ती भरण्याची सोय, हे सगळं कायद्यात बसवता येतं. कंपनीला भीती आहे ती एखादा माणूस जाण्याची. आज घर भोगतं ती भीती सगळंच जाण्याची आहे. दोहोंपैकी कोणाला जोखीम झेपते हे उघड आहे. शिवाय सगळा खर्च घराने करायचा असेल, तर वैमानिक फक्त पैसेवाल्यांची किंवा गहाण टाकायला जमीन असलेल्यांची मुलं होतील. तालुक्यातल्या शाळेत गणितात पहिली येणारी मुलगी शेतमजुराची असेल, तर तिला ही वाट मुळात दिसणारच नाही.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. विमान कंपन्यांना इंधनकरात राज्य सरकारं सवलती देतात. टनेज टॅक्सप्रमाणे त्या सवलतींना कॅडेट घेण्याची अट जोडावी. टाइप रेटिंगचा खर्च, निदान निवड झाल्यानंतरचा, कंपनीने करावा. प्रत्येक उड्डाण आणि सागरी संस्थेने किती मुलं आली, किती दिवसांत शिकून निघाली आणि त्यांतल्या किती जणांना काम मिळालं हे दरवर्षी जाहीर करणं सक्तीचं करावं. उड्डाण संस्थांनी फी तासांच्या टप्प्याने घ्यावी आणि आगाऊ घेतलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी, म्हणजे संस्था बंद पडली तर ती परत मिळेल. २०२५ च्या आरंभी लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने आरटीआर परवान्याचं काम डीजीसीएकडे आणलं, एक चक्कर कमी झाली. प्रशिक्षणार्थीच्या पैशाचं संरक्षण हे त्याच कायद्याखालच्या नियमांत आणता येईल.

हे होईपर्यंत मावळातल्या आणि मावळाबाहेरच्या पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. विमानाकडे जायचं असेल तर एक रुपया भरण्याआधी मुलाची क्लास वन वैद्यकीय तपासणी करून घ्या. डोळे किंवा कान आड आले तर ते आधी कळलेलं बरं. लेखी परीक्षा उड्डाणाआधी होऊ द्या, त्या कमी खर्चात होतात आणि मुलाची चिकाटीही कळते. संस्थेची डीजीसीएतली दर्जावारी पाहा, किती विमानं खरोखर उडतात ते धावपट्टीवर जाऊन मोजा आणि गेल्या वर्षी तिथून बाहेर पडलेल्या मुलांशी बोला. सगळी फी एकरकमी भरू नका. बोटीकडे जायचं असेल तर एजन्सीचा आरपीएसएल क्रमांक नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासा. बोट मिळवून देण्याचे पैसे मागणाऱ्याला नाही म्हणा आणि त्याची तक्रार करा, तो कायदा मोडतो आहे. प्रवेश घेण्याआधी स्पॉन्सरशिप पत्र हाती आहे ना, ते पाहा. आणि जमीन गहाण ठेवायची वेळ आली तर कागदावर सही करण्यापूर्वी नोकरी दोन वर्षं उशिरा लागली तर हप्ता कशातून जाईल, याचा हिशेब घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून लिहून काढा.